बाटलीतलं भूत कुणाचं?

अमेरिकेत सॅन डिएगोला एलस्मिथ नावाची बिअर कंपनी आहे. तिच्या एका लाल बिअरचं नाव 'इव्हिल डेड रेड'. सॅम रेमीचा १९८१ चा 'द इव्हिल डेड' ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांचा हात आपोआप त्या बाटलीकडे जावा, एवढंच त्या नावाचं काम. रंग रक्ताचा, नाव भुताचं, आत माल्ट आणि हॉप्स.

फिलाडेल्फियाची डॉक स्ट्रीट ब्रुअरी त्याच्याही पुढे गेली. 'द वॉकिंग डेड' या चालत्याफिरत्या मढ्यांच्या मालिकेवरून तिनं २०१४ च्या मार्चअखेर, ऐन वसंतात, एक बिअर काढली. त्यात धुरी दिलेला बकऱ्याचा भेजा घातला.

होय, भेजा.

आमच्या नगरच्या खानावळीत भेजा तव्यावर जातो, कांदा-मिरचीत परतला जातो आणि भाकरीबरोबर संपतो. खपायला त्याला भूत लागत नाही.

धंद्याचं गणित मात्र चोख आहे. सिनेमा दुसऱ्यानं काढलेला, भीती प्रेक्षकाच्या मनात आधीच बसलेली. बिअरवाल्यानं फक्त लेबल चिकटवायचं. जाहिरातीचा निम्मा खर्च भुतानंच केलेला असतो.

हे आपल्याकडे येईल का? न यायला काय झालं! पुण्यात 'डूलाली'नं २००९ मध्ये ताजी बिअर जागेवर बनवून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर पुण्या-मुंबईत अशा ब्रुअरी निघत गेल्या. गव्हाची, आंब्याची, कॉफीची, सगळ्या चवी झाल्या. आता राहिली भीतीची.

आणि भयपटही घरचाच तयार आहे.

'तुंबाड' २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला, तेव्हा थिएटरं रिकामी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. राही अनिल बर्वेनं त्यासाठी वर्षानुवर्षं खर्ची घातली. मुळाशी नारायण धारपांची कथा. मराठी माणसाला रात्री दिवा लावून झोपायला लावणारे धारप! अशा सिनेमाला 'कल्ट' म्हणतात, आणि इथे तो शब्द शोभतो.

त्या सिनेमात हस्तर आहे. सोन्याचा मालक, अन्नाला मुकलेला. विनायक कणकेची बाहुली घेऊन त्याच्या विहिरीत उतरतो, मोहरा लुटून वर येतो आणि पुन्हा उतरतो. हाव माणसाला काय करते, हे सांगणारा सिनेमा. उद्या हाच हस्तर बिअरच्या डब्यावर बसला, तर तो काय सांगणार?

आणखी एक घ्या.

म्हणजे सिनेमा एक सांगतो आणि डबा बरोबर त्याच्या उलटं. ज्यानं सहा-सहा वर्षं घासून सिनेमा केला, त्याच्या कामाचा याहून मोठा अपमान कोणता?

कायदा आडवा येईल, या भ्रमात राहू नका. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की दारू विकणाऱ्या दुकानांना थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत. ठरवलं ते योग्यच. पण भुताच्या भावना दुखावल्या म्हणून मोर्चा काढणारा पक्ष अजून निघालेला नाही. भुताचं नाव मोकळं आहे.

नावाचा महिमा आमच्या नेत्यांनाही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहाद्याच्या सातपुडा साखर कारखान्यात मंत्री गिरीश महाजन बोलले. दारूचा खप वाढवायचा असेल तर 'महाराजा' ब्रँडचं नाव 'महाराणी' करा, बायकांची नावं द्या, असा त्यांचा सल्ला होता. राज्यभर बायका रस्त्यावर उतरल्या, मग माफी आली. सल्ला सुचला मात्र पटकन.

'महाराणी' म्हटलं की नगरकराला एकच माणूस आठवतो. सदाशिव अमरापूरकर. १९९१ च्या 'सडक'मधली त्यांची महाराणी पाहून थिएटरात बसलेल्यांच्या पोटात गोळा यायचा. ना मुखवटा, ना भेसूर मेकअप. एक नजर पुरायची. त्या भूमिकेला खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं. भीती कशी उभी करतात, हे नगरच्या माणसानं देशाला दाखवलं.

आणि हाच माणूस मार्च २०१३ मध्ये मुंबईत मार खाऊन आला.

वर्सोव्याला धुळवडीच्या दिवशी रेन डान्स चालला होता. टँकरचं पाणी, वर फवारे, खाली नाच. त्या वर्षी नगरसह अर्धा महाराष्ट्र कोरडा ठणठणीत होता. अमरापूरकर गेले आणि म्हणाले, पाणी वाया घालवू नका. त्यांना धक्काबुक्की झाली. पडद्यावर ज्याला बघून लोक घाबरले, त्याला खऱ्या आयुष्यात पाणी वाचवा म्हटल्याबद्दल ढकललं गेलं.

वसंत हा असा असतो.

शहरात तो फवाऱ्यातून येतो, नगरच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत टँकरमधून. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर. पळस फुलला की इथल्या बाईला पहिली काळजी हंड्याची. विहिरीत उतरणं हा तिच्यासाठी सिनेमातला प्रसंग नाही. ती उतरते, आणि तिथे मोहरा नसतात.

जरा जर्मनीकडे बघू. 'वसंतातली बिअर' हा प्रकार तिकडचा. १५५३ मध्ये बव्हेरियात हुकूम निघाला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. उन्हाळ्यात ती नासायची, म्हणून. मग लोक मार्चमध्येच जरा कडक बिअर करून थंड तळघरांत ठेवत आणि उन्हाळाभर पुरवत. मार्चची म्हणून तिला मेर्त्सन म्हणतात. पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला एवढं कळत होतं की उन्हाळ्यात काही कामं थांबवावीत.

आमचं काय?

आमच्याकडे बिअरचा हंगाम उन्हाळा आणि पाण्याचा दुष्काळही उन्हाळा. दोघांची गाठ पडते वाळूजला. मुळा-प्रवरेचं पाणी नगर जिल्ह्यातून गोदावरीला मिळतं, पुढे पैठणला जायकवाडीत साठतं. त्याच धरणावर औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, वाळूज औद्योगिक वसाहत आणि तिथले बिअरचे कारखाने. एक लिटर बिअरला कारखान्यात साधारण चार-पाच लिटर पाणी लागतं. धुणं, उकळणं, थंड करणं, बाटल्या विसळणं. बार्लीच्या शेताला लागलेलं पाणी वेगळंच.

एप्रिल २०१६ आठवतो? मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींनी पिण्याचं पाणी जात होतं. त्याच महिन्यात मद्यकारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. कोर्टाला! सरकारच्या बाजूनं तेव्हाच्या मंत्री पंकजा मुंडे सांगत होत्या की उद्योगांचं राखीव पाणी तोडता येणार नाही.

राखीव. माणसाच्या घशासाठी राखीव काय होतं?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला समन्यायी वाटपाच्या नियमानं नगर-नाशिकच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी जायकवाडीला सोडायचं ठरलं आणि इकडे आंदोलनं झाली. मी नगरचा असूनही सांगतो, मराठवाड्याची तहान खरी आहे. तिला पाणी द्यायलाच हवं, आणि ते देताना कुरकुर करणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण त्या पाण्यातलं किती घागरीत गेलं आणि किती टाकीत आंबलं, याचा हिशेब विचारायचा हक्क भंडारदरा धरणाखालच्या शेतकऱ्याला आहे की नाही? आणि जायकवाडीच्या काठावर टँकरची वाट बघणाऱ्या बाईला तर दुप्पट आहे.

उत्तर कुणी देत नाही. त्याऐवजी ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं एक समिती नेमली. बिअरचा खप का घटला, शुल्क कमी करता येईल का, हे बघायला. दुष्काळी तालुक्यांची यादी निघत होती, त्याच महिन्यात.

समितीत अधिकारी होते, बिअर उत्पादकांचे प्रतिनिधी होते. टँकरच्या रांगेतलं कुणी नव्हतं.

आता खऱ्या भयकथेकडे येऊ.

फेब्रुवारी २०१७. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची धामधूम. नगर तालुक्यातलं पांगरमल गाव. पार्टी झाली, दारू वाटली गेली आणि गावातली माणसं एकामागून एक मेली. तपास फिरत फिरत कुठे पोचला? नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात. तिथल्या कॅन्टीनमध्ये बनावट दारू तयार होत होती, असं पोलीस तपासातून बाहेर आलं.

जिथे जीव वाचवायचे, त्याच आवारात विष. धारपांनासुद्धा असं कथानक सुचलं नसतं.

विषारी दारूत बहुतेक वेळा मिथेनॉल सापडतं. रंग नाही, वासही दारूसारखाच. पिणाऱ्याला आधी काही कळत नाही. यकृतात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते डोळ्यांच्या नसेवर बसतं. आधी अंधुक दिसतं, मग दिसेनासं होतं, मग श्वास लागतो. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं अशीच गेली.

त्या बाटल्यांवर कवटी छापलेली नव्हती. संत्र्याचं चित्र असेल, नाहीतर काहीच नसेल.

म्हणूनच लेबलावरचं भूत बघून मला राग येतो. भीतीची चव ज्यांना विकत घ्यावी लागते, त्यांच्या घरात ती नाही. ज्या घरात ती आहे, तिथे लेबल लागत नाही. तिथे रात्री नऊनंतर दाराची कडी वाजली की पोरं गोधडीत तोंड खुपसतात. बाई पगाराचे उरलेले पैसे पिठाच्या डब्यात ढकलते. तिला विचारा, हॉरर म्हणजे काय.

क्राफ्ट बिअर बनवणाऱ्यांशी माझं वैर नाही. कसबी लोक आहेत, माल शुद्ध, कर भरलेला, वयाची अट पाळली तर कायद्यातही बसतात. एकवीस पुरी झालेल्या माणसानं बिअर प्यावी की नाही, हे मी ठरवणार नाही. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा तर त्याला पाच रुपयांत एक दिवसाचा परवानाही देतो, आणि तोही आरोग्य राखण्यासाठी! असल्या कागदावर विश्वास कुणाचा आहे? देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्या बाटलीबद्दल. नगर जिल्ह्याला ती चांगली माहीत आहे.

आडवी बाटली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की दारू दुकान बंद करायचं का, यावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. पक्ष नाही, उमेदवार नाही, भाषण नाही. लिहिता-वाचता न येणारी आजीही शिक्का कुठे मारायचा ते जाणते. महाराष्ट्राच्या लोकशाहीनं काढलेलं इतकं थेट चित्र दुसरं नाही.

पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या महिलांनी ते करून दाखवलं. कुकडीच्या रांजणखळग्यांसाठी लोक निघोजला जातात. जाताना त्या बायकांनाही भेटा. नदीनं खडक कोरायला हजारो वर्षं घेतली, यांना तेवढा वेळ नव्हता.

याच पारनेरात राळेगणसिद्धी. अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास गावात परतले, हातभट्ट्या बंद झाल्या. जे ऐकेनात त्यांना देवळासमोरच्या खांबाला बांधून फटके दिले, हे अण्णांनी स्वतःच सांगितलंय. पुष्कळांना त्यात पराक्रम दिसतो. मला दिसत नाही. दारुड्याला मारल्यानं भट्टीवाल्याचं काय बिघडतं? शिवाय फटके देणारा हात उद्या कुणाचा असेल, याची खात्री कोण देणार? शिक्क्यात जी ताकद आहे, ती पट्ट्यात नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं परवानगी दिली. कारण सांगितलं द्राक्षबागायतदाराचं भलं. अण्णांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं, मग राळेगणच्या ग्रामसभेनंतर ते स्थगित झालं. तेव्हा टीव्हीवर दिवसभर एकच चर्चा होती. वाइन म्हणजे दारू की नाही?

निघोजच्या बायकांना कुणी स्टुडिओत बोलावलं नाही.

बोलावलं असतं तर त्यांनी नियमातली मेख सांगितली असती. ती ऐका, कारण सगळं पाणी तिथेच मुरतं. आडवी बाटली जिंकायला पडलेल्या मतांपैकी अर्धी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात.

हिशेब मांडू. यादीत हजार बायका. त्यातल्या सातशे आल्या, ऊन डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आडव्या बाटलीला ४९० मतं, उभीला २१०. कोण जिंकलं?

उभी बाटली!

आमदार असा निवडून येतो का? खासदार? झेडपीचा सदस्य? सगळ्यांना पडलेल्या मतांत एक मत जास्त पुरतं. यादीतल्या निम्म्या मतदारांची अट घातली तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील? अट फक्त बाईला, आणि तीही घरातली बाटली आडवी करायची असेल तेव्हा.

आता विचारा, त्या न आलेल्या तीनशे कोण?

काही आजारी, काही लग्न होऊन गेलेल्या, काही मयत, नावं तशीच राहिलेली. काहींना नवऱ्यानं दमात घेतलेलं. आणि नगरच्या पूर्वेला, पाथर्डी-शेवगाव-जामखेडच्या पट्ट्यात, बऱ्याचशा ऊसतोडीला गेलेल्या. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा आणि फाल्गुन-चैत्रात परतायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल नवऱ्याच्या हातात, मोळी बाईच्या डोक्यावर.

तिनं तोडलेला ऊस कारखान्यात जातो. साखर निघते, मळी उरते. मळीपासून अल्कोहोल होतं. काही आता इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं, काही देशी दारूच्या बाटलीत. आशिया खंडातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभा राहिला. १९५०-५१ चा तो काळ, विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळांची अर्थशास्त्राची बैठक. शेतकरी कारखान्याचा मालक झाला, हे लहान काम नव्हतं. त्याचा अभिमान मलाही आहे.

पण ऊस तोडणारी कुणाची मालक झाली?

सहा महिने ती फडात. गावात मतदान लागतं, ती नसते. तिचं नाव यादीत असतं. हजर नाही म्हणून ते नाव मोजलं जातं उभ्या बाटलीच्या बाजूनं. जिच्या घामातून बाटली भरते, तिच्याच गैरहजेरीवर दुकान चालू राहतं.

'तुंबाड'मध्ये हस्तर निदान भुकेला तरी होता. इथे पोट भरलेलेच खाताहेत.

आणि तरीही बायका सह्या गोळा करतात. २५ टक्के भरल्या की अधिकारी येऊन एकेक सही पडताळतात. हीच का तुमची सही? समोर दुकानदाराचा माणूस उभा असतो. गावातल्या बाईला त्याच्यादेखत 'हो, माझीच' म्हणायचं असतं. त्या एका 'हो'ला जेवढं धैर्य लागतं, तेवढं थिएटरात तीन तास भुतं बघायला लागत नाही. त्या बायकांपुढे मी हात जोडतो.

करायचं काय, ते अवघड नाही. नियम सरकारचाच आहे, बदलताही सरकारलाच येतो. पडलेल्या मतांत ज्या बाटलीला जास्त, ती जिंकली. मतदान ठेवायचं ते ऊसतोडीच्या हंगामाबाहेर, पेरण्या उरकल्यावर, गाव भरलेलं असताना. सह्यांची पडताळणी दुकानदाराच्या माणसाला दूर ठेवून, महिला अधिकाऱ्यासमोर. तीन ओळींची अधिसूचना.

बिअरच्या खपासाठी समिती बसते. या तीन ओळींसाठी मुंबईत कुणाकडे अर्धा तास आहे का? निघोजच्या बायका गाडीभाडं स्वतःचं काढून येतील.